सुगरणीच्या खोप्यापाशी

पक्ष्यांविषयी लिहिणारे पूर्वीही पुष्कळ होऊन गेले. परंतु त्यांतील बहुतेकांची दृष्टी मेलेल्या पक्ष्याची कातडी जतन करावी, तिचे रंग व मापे नोंदवावीत, एवढ्यावरच खिळलेली असे. जिवंत पक्षी आपला संसार कोणत्या ऋतूत व कसा थाटतो आणि पाऊस रुसला म्हणजे त्या संसाराची काय गत होते, हे जाणण्यासाठी दिवसचे दिवस एका झाडापाशी बसणारा मनुष्य विरळा. डॉ. सलीम अली हे अशा विरळा मनुष्यांपैकी एक होत.

त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. आईवडिलांचे छत्र अगदी बालपणीच हरपल्यामुळे मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढविले. मामांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने दहाएक वर्षांच्या सलीमने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारावयास तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात गेला. तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांनी पक्ष्याची ओळख तर पटवून दिलीच, पण कपाटे उघडून पक्ष्यांचा सारा संग्रह त्या मुलापुढे मांडला. एका अनोळखी मुलासाठी मिलार्ड यांनी मोडलेला तो वेळ आपल्या देशाला फार मोठे फळ देऊन गेला, असे मला वाटते.

शिक्षणाची वाट मात्र सरळ नव्हती. मध्येच ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या व लाकडाच्या व्यवसायात गेले, परत आले, आणि 1918 मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1926 साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजेच आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा मिळाली. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि श्ट्रेझेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. 1930 मध्ये नवी विद्या घेऊन ते मायदेशी परतले, तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

वय चौतिशीकडे झुकलेले, आणि हाती काम नाही. तेव्हा अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी पतिपत्नी राहावयास गेली. मृगाच्या सरी कोसळल्या, शिवारे हिरवी झाली आणि जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत गजबजू लागली. दुसरा कोणी असता, तर नोकरीच्या विवंचनेत त्याने त्या किलबिलाटाकडे वळूनही पाहिले नसते. सलीम अलींनी त्या पावसाळ्याचे सोने केले. कोणत्या खोप्याचे काम कुठवर आले, कोणती मादी कोठे शिरली, हे ते तासन् तास निरखीत व टिपून ठेवीत.

बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे सुगरणीचा खोपा महाराष्ट्रात घरोघरी पोचला आहे. त्यामुळे खोपा मादीच विणते, असा आपला समज असतो. वस्तुतः विणकर असतो तो नर. भाताच्या किंवा गवताच्या पात्याला तो चोचीने खाच पाडतो, ती कड धरून उडतो आणि लांब चीर फाडून नेतो. अशा शेकडो फेऱ्या झाल्या म्हणजे खोपा पुरा होतो. अर्धामुर्धा झालेला खोपा पाहावयास माद्या येतात. मादीने पसंत केला, तरच नर पुढचे काम हाती घेतो. मादी आत अंडी उबवू लागली, की हा गृहस्थ दुसऱ्या खोप्याच्या उद्योगाला लागतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो. सुगरणीच्या संसाराची ही उलगड सलीम अलींनी 1931 साली सोसायटीच्या नियतकालिकात मांडली, आणि त्यांचे नाव अभ्यासकांत झाले.

आता या संसारात पावसाचे स्थान केवढे आहे, ते पाहा. विणण्यासाठी पाते लांब, हिरवे व लवचीक हवे. वाळलेले पाते वळविताच तुटते. खोप्याच्या आत नर ओल्या मातीचे गोळे लिंपतो, ती मातीही पावसानेच मिळते. मोठे पक्षी दाण्यांवर जगतात, पण कोवळ्या पिल्लांना किडे व अळ्या भरवाव्या लागतात, आणि किडे वाढतात हिरवळीवर. म्हणून पावसाने ओढ दिली, म्हणजे खोप्यांचा आरंभ लांबतो, कित्येक खोपे अर्धेच लोंबकळत राहतात, आणि पिल्लांना चारा अपुरा पडतो. शेतकऱ्याची पेरणी जशी वाया जाते, तशीच ही पाखरांची पेरणी.

परंतु विणीला फाटा देणे म्हणजे नेहमी हार मानणे नव्हे. व्हेनेझुएला व मलेशिया येथील अरण्यांतील गाणाऱ्या पक्ष्यांचा एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. दुष्काळाच्या वर्षी तेथील अनेक जातींनी विणीचे काम आखडते घेतले होते. ज्या जातींचे आयुष्य लांब, त्यांनी ते अधिक आखडले, आणि त्यांचे मोठे पक्षीही त्या वर्षात अधिक चांगले तगले. ज्याला पुढचे पावसाळे पाहावयाचे आहेत, तो एका वर्षाच्या घरट्यापायी जीव पणाला लावीत नाही. अल्पायुषी पक्ष्याला मात्र ही सवड नसते. शिवाय दुष्काळ वरचेवर पडू लागले, तर दीर्घायुषी पक्ष्यांचे हे थांबणेही किती दिवस उपयोगी पडणार?

किहीमनंतर सलीम अलींना पुन्हा म्युझियमची नोकरी शोधावी लागली नाही. संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी आपण वेतनावाचून करू, केवळ खर्च मिळावा, असे त्यांनी सुचविले. हैदराबाद संस्थानाची पाहणी प्रथम झाली. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. पाठोपाठ त्रावणकोर व कोचीन झाले. 1939 साली तेहमिना निवर्तल्या. घरातील शांत सोबत गेली, पण भ्रमंती थांबली नाही. 1945 मध्ये कच्छच्या मोठ्या रणात त्यांनी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पक्ष्यांची प्रचंड वसाहत पाहिली आणि पक्ष्यांची संख्या सुमारे पाच लाख असावी असा अंदाज केला. रोहित हा काही गाणारा पक्षी नव्हे. तथापि नियम तोच. रणात बेताचे पाणी साचले, तर चिखलाची घरटी उभी राहतात. कोरड्या वर्षी ती उभी राहत नाहीत.

1941 साली निघालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने सामान्य वाचकांच्या कित्येक पिढ्यांना पक्षी ओळखावयास शिकविले. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ 1968 ते 1974 या काळात प्रसिद्ध झाला. त्यात पक्ष्याच्या रंगरूपाबरोबर त्याच्या विणीचा हंगामही दिलेला आढळतो. 1976 मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला.

20 जून 1987 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. एरवी हे दिवस सुगरणीच्या लगबगीचे. त्या वर्षी मात्र देशातील पाऊस सरासरीहून सुमारे 19 टक्के कमी पडला, आणि गुजरात व राजस्थानात तर तो लागोपाठ तिसरा दुष्काळ ठरला.