ताटातले अन्न कुठून आले? : हंगेरीची संत एलिझाबेथ



१७ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा हंगेरीच्या संत एलिझाबेथचा सण साजरा करते. ओच्यात गुलाबाची फुले घेतलेली राणी, हे तिचे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. गरिबांसाठी ती लपवून भाकरी नेत होती, नवऱ्याने अडवले आणि भाकरींची फुले झाली, अशी कथा सांगतात. ही कथा नंतरच्या काळातली आहे. तिच्या दासींनी तिच्या मृत्यूनंतर चौकशी मंडळासमोर ज्या साक्षी दिल्या, त्यांत ही गोष्ट नाही. त्या साक्षींतून दिसणारी एलिझाबेथ गुलाबाच्या कथेपेक्षाही विलक्षण आहे.

तिचा जन्म १२०७ साली झाला. हंगेरीचा राजा दुसरा आंद्रे याची ती मुलगी. त्या काळी राजघराण्यांतील विवाह म्हणजे दोन राज्यांतील करारच असे. त्यामुळे अवघ्या चार वर्षांची असताना तिला जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात, भावी सासरी पाठवण्यात आले. वार्टबुर्गच्या डोंगरी किल्ल्यात ती वाढली. ती सहा वर्षांची असताना तिकडे माहेरी तिच्या आईचा खून झाला. १२२१ साली, चौदाव्या वर्षी, तिचा विवाह थुरिंजियाचा तरुण अधिपती लुडविग याच्याशी झाला. राजकारणाने जुळवलेल्या या लग्नात खरे प्रेम फुलले. त्यांना तीन मुले झाली.

त्या काळचा समाज समजून घेतल्याशिवाय एलिझाबेथचे मोठेपण कळत नाही. जमीन सरदारांची आणि राबणारा शेतकरी. पिकाचा वाटा, कोंबड्या, जनावरे, शिवाय धन्याच्या शेतावर वेठबिगारी, असे देणे त्याच्यामागे लागलेले असे. ठरलेल्यापेक्षा जास्त हवे असेल तर धन्याचे अधिकारी ते जबरदस्तीने उचलून नेत. किल्ल्यावरच्या मेजवान्यांमध्ये हे सगळे येऊन मिसळे. ताटातला कोणता घास हक्काचा आणि कोणता लुबाडलेला, हे कोणी विचारत नसे.

एलिझाबेथने ते विचारले. तिचे आध्यात्मिक मार्गदर्शक, मारबुर्गचे फादर कॉनराड, यांनी तिला सांगितले होते की, जे न्याय्य मार्गाने आले आहे याची खात्री नाही, ते तिने खाऊ नये. ही आज्ञा तिने राजघराण्याच्या पंगतीत बसून पाळली. मांस कुठून आले, द्राक्षरस कोणाच्या मळ्यातला, याची ती चौकशी करी. अन्न शुद्ध पण द्राक्षरस संशयाचा असेल, तर आज फक्त खायचे, असे ती दासींना सांगे. दोन्ही न्यायाचे असले की लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवी. कित्येकदा भरल्या पंगतीतून ती आणि तिच्या दासी अर्धपोटी उठत. लोकांत कुजबुज होई, पण लुडविगने तिला कधी अडवले नाही. घरच्यांच्या बोलण्याची भीती नसती तर आपणही असेच केले असते, असे त्याचे म्हणणे होते.

१२२६ साली जर्मनीत मोठा दुष्काळ पडला. लुडविग तेव्हा सम्राटाच्या कामासाठी इटलीत होता. एलिझाबेथने राज्याची धान्याची कोठारे उघडली आणि रोज गरिबांना वाटप सुरू केले. किल्ल्याच्या पायथ्याशी तिने अठ्ठावीस रुग्णांसाठी इस्पितळ उभारले आणि ती स्वतः तिथे सेवेला जाऊ लागली. पुढे पीक कापणीला आले, तेव्हा धडधाकट माणसांना तिने सदरे दिले, कापलेल्या ताटांचे खुंट पायांत रुतू नयेत म्हणून जोडे दिले आणि हातात विळे दिले. भुकेल्याला खाऊ घालावे आणि मग त्याला स्वतःच्या कष्टाची भाकर मिळवता यावी, हे तिला उमगले होते. लुडविग परतल्यावर कारभाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा त्याने बायकोचीच बाजू घेतली.

१२२७ साली लुडविग धर्मयुद्धासाठी निघाला आणि दक्षिण इटलीत तापाने मरण पावला. विसाव्या वर्षी एलिझाबेथ विधवा झाली. सत्ता दिराकडे गेली आणि तिने किल्ला सोडला. पहिली रात्र तिने गावातल्या एका खानावळवाल्याच्या, पूर्वी डुकरे ठेवलेल्या खोपटात काढली. त्याच रात्री फ्रान्सिस्कन बंधूंच्या मंदिरात जाऊन तिने त्यांना देवाच्या उपकारस्तुतीचे गीत गायला सांगितले. नातलगांनी दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरला, तिने तो नाकारला. १२२८ च्या शुभ शुक्रवारी तिने वेदीवर हात ठेवून स्वतःच्या इच्छेचा आणि ऐहिक वैभवाचा त्याग केला. विधवा म्हणून मिळालेल्या पैशातून तिने मारबुर्ग येथे असिसीकर संत फ्रान्सिसच्या नावाने इस्पितळ बांधले. तिथे ती रोग्यांना अंघोळ घाली, भांडी घाशी आणि लोकर कातून मजुरी मिळवी.

फादर कॉनराड यांचा कठोरपणा मात्र आज आपल्याला पटण्यासारखा नाही. त्यांनी तिला मारले, तिच्या लहानपणापासूनच्या सोबतिणींनाही दूर केले. संतांच्या चरित्रातील प्रत्येक गोष्ट अनुकरणीय नसते. तिचे संतपण त्या माराने घडले नाही, ते गरिबांच्या सेवेत आधीच दिसले होते.

१२३१ च्या नोव्हेंबरमध्ये, चोविसाव्या वर्षी, तिने देह ठेवला. चारच वर्षांनी, १२३५ साली, पोप नववे ग्रेगरी यांनी तिला संत म्हणून घोषित केले. फ्रान्सिस्कन तृतीय संघाच्या प्रापंचिकांची ती आश्रयदाती आहे.

बंधुभगिनींनो, दानधर्म आपण करतो आणि तो करायलाच हवा. पण एलिझाबेथ दान देण्याआधी एक पाऊल मागे जाते. मी देतो आहे ते मुळात माझे आहे का? कोणाची मजुरी थकवून, कोणाला कमी मोल देऊन तर ते माझ्या घरात आले नाही ना? मनुष्याला त्याचे जे आहे ते देणे म्हणजे न्याय, आणि माझे आहे त्यातून देणे म्हणजे प्रीती. पहिले चुकले तर दुसऱ्याचा पाया ढासळतो. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार, शेतावरच्या मजुराची रोजंदारी, दुकानातल्या पोराचे राबण्याचे तास, हे हिशेब आपल्याही घरात असतात. या आठवड्यात जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणताना, ताटातल्या अन्नामागच्या हातांची आठवण करूया आणि कोणाचे देणे राहिले असेल तर ते आधी चुकते करूया.

संत एलिझाबेथ आपल्या सर्वांसाठी प्रभूकडे विनंती करो.

आपला,
धर्मगुरू