हवेला माप देणारा वैद्य

मार्च उजाडला की सोलापुरात दुपारच्या वेळी दारे-खिडक्या मिटू लागतात. जुन्या धाब्याच्या घरांत जाड भिंती उन्हाला अडवीत आणि छतातील झरोका हवा खेळती ठेवी. आता त्यांची जागा सिमेंटच्या बंद खोल्यांनी आणि वातानुकूलन यंत्रांनी घेतली आहे. अशा खोलीतील हवा किती शिळी झाली, हे सांगणारे छोटेसे यंत्र आज सदऱ्याला अडकवून फिरता येते. कार्बन डायऑक्साइडचा आकडा दहा लाखांत एक हजार भागांच्या पुढे गेला की खिडकी उघडावी, असा त्याचा सर्वसाधारण संकेत. हा हजाराचा आकडा यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांनी शोधलेला नाही. १८५८ मध्ये, म्हणजे सोलापुरातील ‘जुनी मिल’ सुरू होण्याच्याही जवळजवळ वीस वर्षे आधी, जर्मनीतील म्युनिक शहरात एका वैद्याने तो मांडला होता. त्याचे नाव माक्स फॉन पेटेनकोफर.

३ डिसेंबर १८१८ रोजी बव्हेरियातील लिख्टेनहाइम या खेड्यात, एका गरीब शेतकरी कुटुंबात पेटेनकोफर यांचा जन्म झाला. म्युनिकच्या राजदरबारात औषधनिर्माते असलेल्या काकांनी या हुशार पुतण्याला शिक्षणासाठी स्वतःकडे आणले. तरुणपणी एकदा काकांनी थोबाडीत मारली, तेव्हा हा मानी मुलगा घर सोडून निघाला आणि आउग्सबुर्गमध्ये नाटक कंपनीत नट झाला. घरच्यांच्या दृष्टीने ही नामुष्कीच होती. पुढे चुलत बहीण हेलेना हिच्याशी त्याचा स्नेह जुळला. त्याने रंगभूमी सोडून अभ्यासाकडे वळावे, अशी तिची अट होती. त्याने ती पाळली आणि पुढे तिच्याशीच विवाह केला. १८४३ मध्ये औषधनिर्माणशास्त्र आणि वैद्यक या दोन्ही विषयांत तो उत्तीर्ण झाला.

त्यानंतरची वाटचाल थक्क करणारी आहे. गीसेनला थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. मूत्रपिंडाच्या तपासणीत आज घरोघरी माहीत झालेला क्रिएटिनिन हा पदार्थ त्यांनी १८४४ मध्ये मूत्रात शोधला. बव्हेरियाच्या टांकसाळीतही ते काही काळ होते. १८४७ मध्ये म्युनिक विद्यापीठात त्यांना प्राध्यापकपद मिळाले.

हवेकडे त्यांचे लक्ष वळले ते घरे उबदार ठेवण्याच्या प्रश्नामुळे. कडाक्याच्या थंडीत बंद केलेल्या खोल्यांत माणसांना गुदमरल्यासारखे का होते, याचा ते शोध घेऊ लागले. शिळ्या हवेला वास येतो, डोके जड होते, हे सर्वांनाच ठाऊक होते. पण नाकावर विसंबून शास्त्र उभे राहत नाही. त्यांना मोजता येईल अशी खूण हवी होती. माणूस श्वासातून बाहेर टाकतो त्या हवेत सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. म्हणजे खोलीत हा वायू जितका साचेल, तितकी तेथील हवा माणसांच्या फुप्फुसांतून जाऊन आलेली असणार. हे प्रमाण मोजण्यासाठी त्यांनी बॅरायटाच्या निवळीचा उपयोग केला. ठरावीक हवेतील वायू निवळीत शोषला जाई आणि किती बॅरायटा उरला ते आम्लाने तपासले जाई. त्यावरून हवेतील प्रमाणाचा हिशेब निघे. घरे, शाळा आणि दवाखाने येथील हवा अशा रीतीने आकड्यांत आली.

या मोजमापांवरून, जेथे माणसे दीर्घकाळ वावरतात तेथे हे प्रमाण हजारात एक भागापेक्षा अधिक असू नये, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हजारात एक म्हणजेच दहा लाखांत एक हजार. येथे त्यांची दृष्टी विशेष स्वच्छ होती. एवढा कार्बन डायऑक्साइड स्वतः विषारी आहे, असा त्यांचा दावा नव्हता. माणसांच्या शरीरातून हवेत मिसळणाऱ्या इतर गोष्टींची ती केवळ खूण आहे, असे ते मानत. कोविडच्या साथीत शाळा आणि कार्यालयांत ही यंत्रे लावली गेली तीही याच तर्काने. कारण दुसऱ्याने सोडलेला श्वास आपण किती घेत आहोत, हे त्या आकड्यावरून कळते.

१८६५ मध्ये पेटेनकोफर आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८७९ मध्ये त्यांच्यासाठी म्युनिकमध्ये स्वतंत्र संस्था उभी राहिली. त्यांच्या आग्रहामुळे शहराला भुयारी गटारे आणि डोंगराकडून येणारे स्वच्छ पाणी मिळाले. रोगट म्हणून बदनाम असलेले म्युनिक पालटले.

मात्र याच माणसाची एक चूक फार मोठी ठरली. पटकी पिण्याच्या पाण्यातून पसरते, हे त्यांनी मानले नाही. जमिनीतील ओल आणि भूजलाची पातळी यांवर साथ अवलंबून असते, असा त्यांचा सिद्धान्त होता. आषाढीच्या गर्दीत पंढरपुरात वारंवार पटकी उद्भवत असे आणि परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर ती गावोगाव जाई, त्याच काळातील ही गोष्ट. भारतातील ब्रिटिश आरोग्य खात्यातील काही वरिष्ठ अधिकाऱ्यांना पेटेनकोफर यांचे मत पटले होते. रोग जमिनीचा ठरला, तर जहाजे आणि व्यापार अडवण्याचे कारण उरत नव्हते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात तलावाच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखवले, तरी पेटेनकोफर बधले नाहीत. १८९२ मध्ये हॅम्बुर्गमध्ये नदीचे न गाळलेले पाणी पिणारी हजारो माणसे मेली आणि गाळलेले पाणी मिळणारे शेजारचे आल्टोना बहुतांशी वाचले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला चौऱ्याहत्तरीकडे झुकलेल्या पेटेनकोफर यांनी पटकीच्या जंतूंचा द्रव स्वतः प्राशन केला. त्यांना थोडे जुलाब झाले आणि ते वाचले. त्यांनी तो आपला विजय मानला. शास्त्राने मानला नाही.

अखेरची वर्षे एकाकी गेली. पत्नी गेली, मुलेही डोळ्यांदेखत गेली, मतांना कोणी विचारीनासे झाले. १० फेब्रुवारी १९०१ रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली.

पाण्याबाबत ते आकड्यांपेक्षा सिद्धान्ताला चिकटून राहिले. हवेबाबत मात्र त्यांनी मोजमापावर विश्वास ठेवला आणि ते मोजमाप टिकले. बॅरायटाच्या निवळीची जागा आता अवरक्त किरणांनी घेतली आहे. कार्बन डायऑक्साइड हे किरण शोषतो आणि किती शोषले गेले त्यावरून यंत्र आकडा देते. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, त्यामुळे तो चालू असलेल्या खोलीत आकडा सहसा फार चढत नाही. भिंतीवरचे वातानुकूलन यंत्र बहुधा खोलीतीलच हवा थंड करून पुन्हा सोडते. तेथे चार माणसे झोपली, तर पहाटेपर्यंत हजाराची मर्यादा सहज मागे पडू शकते.

मात्र या यंत्राला धूळ दिसत नाही, यंत्रमागाच्या खोलीत उडणारे सुताचे तंतू दिसत नाहीत, रस्त्यावरचा धूरही दिसत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूरचाही समावेश झाला, तो हवेतील अशा कणांमुळे. खिडकी उघडल्यावर हा आकडा उतरेल, पण त्याच खिडकीतून धूळ आत येईल. खूण कशाची आहे आणि कशाची नाही, हे पेटेनकोफर यांनी हवेबाबत नेमके ओळखले होते. यंत्र अंगावर बाळगणाऱ्याने तेवढे ध्यानात ठेवले, तर त्या आकड्याचा उपयोग होईल.