गावकुसाबाहेरच्या देवतांचा अभ्यासक : दामोदर धर्मानंद कोसंबी

कार्ल्याच्या लेण्यांवर विद्यार्थ्यांची सहल नेली की एक प्रश्न हमखास येतो. पायऱ्या चढून धापा टाकत वर पोहोचलेल्या मुलांना प्रथम दिसते ते एकवीरा देवीचे देऊळ, नारळ-फुलांची दुकाने आणि दर्शनाला आलेल्या कोळी कुटुंबांची गर्दी. त्या देवळाच्या अगदी शेजारी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले भव्य चैत्यगृह शांतपणे उभे असते. मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, की लेणे बुद्धाचे, तर दारात देवी कशी? अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत मी ठरलेले उत्तर देत असे : लेणे आपले, देवी मागाहून आली. हे उत्तर अर्धेच खरे आहे, हे मला ज्या विद्वानाच्या लेखनामुळे उमगले, त्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या जीवनकार्याचा परिचय या स्मरणिकेच्या वाचकांना करून द्यावा, अशी इच्छा आहे.

कोसंबी हे आडनाव बौद्ध समाजाला परके नाही. दामोदर कोसंबींचे वडील धर्मानंद कोसंबी हे पाली वाङ्मयाचे थोर पंडित. गोव्यातील एका खेड्यातून बुद्धाच्या धम्माचा शोध घेत ते नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे भटकले, भिक्खू झाले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजनविहार चालविला. रोगी, वृद्ध, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही पारंपरिक कथा बाजूला ठेवून, शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे त्यांनी लक्ष वेधले. तोच तंटा पुढे बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहत्यागाचे कारण म्हणून आला आहे. परंपरेने सांगितलेली कथा जशीच्या तशी न स्वीकारता तिच्यामागचे वास्तव शोधायचे, ही वृत्ती दामोदरांना घरातूनच मिळाली.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात कोसबें येथे झाला. १९१८ मध्ये ते वडिलांबरोबर अमेरिकेला गेले. तेथेच त्यांचे शालेय शिक्षण झाले आणि १९२९ मध्ये त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची पदवी सर्वोच्च सन्मानासह मिळविली. मायदेशी परतल्यावर बनारस, अलीगढ आणि नंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकविले. १९४५ च्या सुमारास ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. पुण्यातील घर न सोडता ते डेक्कन क्वीनने मुंबईस ये-जा करीत. भूमितीतील त्यांचे संशोधन जगन्मान्य आहे आणि आनुवंशशास्त्रातील एक सूत्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

असा गणितज्ञ म्हसोबा-वेताळांच्या ठाण्यांपर्यंत कसा पोहोचला, याचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. संख्याशास्त्राला प्रत्यक्ष उदाहरण हवे म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी हाती घेतली. नाणे हातोहाती फिरते तसे झिजते आणि त्याचे वजन घटते. हजारो नाणी सूक्ष्म तराजूत तोलून त्यांनी त्या घटीवरून नाण्यांचा कालक्रम लावण्याची पद्धत मांडली. ज्या राजांनी ही नाणी पाडली ते कोण, हे विचारता विचारता ते ग्रंथांकडे वळले. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ मध्ये सिद्ध केली. परंतु ग्रंथ लिहिणारे मूठभर. ज्यांनी शेत नांगरले, गुरे राखली, लेणी कोरली त्यांनी स्वतःविषयी जवळजवळ काहीच लिहून ठेवले नाही. त्यांचा इतिहास वाचायचा कोठे? कोसंबींचे उत्तर असे, की तो त्यांच्या चालीरीतींत, त्यांच्या दैवतांत आणि त्यांच्या पायवाटांवर वाचायचा.

मग सुरू झाली पायपीट. हातात काठी घेऊन हा प्राध्यापक पुण्याच्या आसपासची खेडी, टेकड्या आणि घाटवाटा धुंडाळू लागला. शेतकरी, धनगर, वडार यांच्याशी बोलून दैवताचे नाव काय, पुजारी कोण, नैवेद्य कोणता, जत्रा कधी, बाया ठाण्यापाशी जातात की नाही, अशी विचारपूस तो करी. त्यांच्या पुण्यातील घराजवळ फासेपारध्यांनी पाले टाकली होती. इंग्रजी सत्तेने १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरविण्याची रीत पाडली आणि पुढे पारध्यांसारख्या जमातींच्या कपाळी तो शिक्का मारला. त्याच पारध्यांच्या विधींची नोंद कोसंबींनी इतिहासाचे साधन म्हणून घेतली. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाचा प्रास्ताविक ग्रंथ आणि १९६२ चा 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हा पाच निबंधांचा संग्रह, ही या पायपिटीची फळे होत.

या संग्रहातील एका निबंधाचा आरंभ संस्कृत नाटकातील एका लहानशा प्रसंगातून होतो. 'मृच्छकटिक' नाटकात चारुदत्त आपल्या मित्राला चव्हाट्यावर जाऊन मातृदेवतांना बळी ठेवून येण्यास सांगतो. वाचक हा प्रसंग वाचतो आणि पुढे जातो. कोसंबी मात्र तेथे थांबले. देवतांना नैवेद्य देवळात का नाही? चार वाटा मिळतात तेथे का? आपल्या खेड्यांकडे पाहताना त्यांना तेच दिसले. मारुती गावात असतो, पण यमाई, तुकाई, बोल्हाई, मेंगाई अशा कितीतरी आया गावाबाहेर, माळावर, ओढ्याकाठी किंवा वाटेच्या फाट्यावर असतात. कित्येक नावांचा अर्थ गावातील कोणालाही सांगता येत नाही. मूर्ती नसते, शेंदूर फासलेला ओबडधोबड तांदळा असतो. तो शेंदूर म्हणजे पूर्वीच्या रक्तबळीची खूण, असे कोसंबींचे अनुमान आहे.

अशा ठाण्यांच्या भोवती त्यांना आणखी एक वस्तू वारंवार सापडली. ती म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडांची नखाएवढी धारदार पाती. ही अश्मयुगीन माणसांची हत्यारे होत. शेती येण्यापूर्वी पशुपालक आणि शिकारी टोळ्या पावसाच्या मानाने कोकण, घाट आणि देश यांमध्ये फिरत असत. त्यांच्या वाटा जेथे एकमेकींना भेटत, तेथे टोळ्या भेटत, देवाणघेवाण होई, विधी होत. गाव पुढे वसले, कधी उठून दुसरीकडे गेले, परंतु देवी आपल्या जुन्या वाटेवरच राहिली. त्याच वाटांवरून पुढे व्यापाऱ्यांचे तांडे गेले आणि आज वारकऱ्यांच्या पालख्या जातात. पंढरीच्या वाटेखाली अशी अश्मयुगातील वाट दडलेली असावी, हा विचार त्यांनीच मांडला.

कार्ल्याच्या कोड्याचे उत्तरही येथेच आहे. कार्ले, भाजे, बेडसे, जुन्नर ही लेणी कोकणातून घाटमाथ्यावर येणाऱ्या वाटांवर आहेत. सुतार, सुगंधी द्रव्यांचे व्यापारी, यवन अशा अनेकांनी दिलेल्या दानांची नोंद कार्ल्याच्या शिलालेखांत आहे. जेथे माणसे आधीपासून जमत, जेथे रक्ताचे बळी दिले जात, तेथेच भिक्खूंनी वस्ती केली आणि अहिंसेचा उपदेश दिला. कालांतराने विहार ओस पडले आणि जुन्या देवता परत आल्या. जुन्नरचे उदाहरण बोलके आहे. तेथील डोंगराचे मानमोडी हे नाव प्राचीन शिलालेखातील मानमुकुड या नावाशी जुळते. भिक्खू आले आणि गेले, तरी लोकांच्या जिभेवरील नाव टिकून राहिले. म्हणजे देवी मागाहून आली हेही खरे आणि ती आधीपासून होती हेही संभवनीय.

दैवतांच्या लग्नांकडे आणि युद्धांकडेही कोसंबी याच दृष्टीने पाहत. ज्या महिषासुराला देवी ठार करते, तोच खेड्यात म्हसोबा म्हणून पुजला जातो, तर कोठे जोगूबाई नावाची देवी त्याची पत्नी मानली जाते. दोन समूहांचा संघर्ष झाला की देवांचे युद्ध होते आणि दोन समूह एकत्र नांदू लागले की देवांचे लग्न लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. यात कोठेही श्रद्धेचा गौरव नाही आणि अडाणी म्हणून हेटाळणीही नाही. जगण्याची जुनी साधने टिकून असतात, म्हणून जुन्या समजुतीही टिकतात. माणसाचे दारिद्र्य न हटविता त्याच्या अंधश्रद्धेला हसणाऱ्यांना या मांडणीने निरुत्तर केले आहे.

येथे बाबासाहेबांचे स्मरण अपरिहार्य आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी जातिसंस्थेवरील निबंध वाचला. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांना पवित्र मानण्याचे नाकारून, जातीचे कुंपण टिकविण्यासाठी त्या कशा उपयोगी पडल्या, हे त्यांनी दाखविले. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी विचारले, की अस्पृश्य गावाबाहेरच का राहतात? पराभूत टोळ्यांतून फुटून आलेली माणसे गावाच्या राखणीसाठी वेशीबाहेर वसविली गेली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कोसंबींनी विचारले, की देवी गावाबाहेर का राहते? हे दोन प्रश्न शेजारी ठेवून पाहावेत. गावकुसाबाहेर माणसेही होती आणि दैवतेही होती. मरीआईचे ठाणे बहुधा आपल्याच वस्तीच्या अंगाला असे. गावाची शीव कोठून कोठवर, हे आपले पूर्वजच जाणत आणि शिवेच्या तंट्यात त्यांचीच साक्ष घेतली जाई. ज्यांना गावाने आत घेतले नाही, त्यांच्याजवळच गावाच्या जन्माची स्मृती होती.

कोसंबींची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते मार्क्सवादी होते. वर्गाचा विचार त्यांनी जितक्या बारकाईने केला, तितका जातीच्या अपमानाचा केला नाही. टोळ्यांची दैवते वैदिक परंपरेत सामावून घेतली गेली आणि त्यामुळे रक्तपात टळला, असे ते म्हणतात. सामावून घेतलेल्यांना कोणत्या पायरीवर बसविले, हा प्रश्न आपल्याला विचारावाच लागतो. तरीही त्यांची अभ्यासपद्धती आपल्या उपयोगाची आहे. पद्धत स्वीकारण्यासाठी प्रत्येक निष्कर्ष स्वीकारावा लागत नाही.

टाटा संस्थेतून बाहेर पडल्यानंतरची वर्षे त्यांनी पुण्यातच संशोधनात घालविली. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, झोपेतच त्यांचे निधन झाले. तेव्हा ते साठीच्याही आत होते.

हे सर्व या स्मरणिकेत लिहिण्यामागे एक वैयक्तिक रुखरुख आहे. धम्मदीक्षेनंतर माझ्या आजीने देव्हाऱ्यातील टाक नदीत सोडले. ते योग्यच झाले. ज्या दैवतांनी आम्हाला माणूसपण दिले नाही, त्यांच्यापुढे पुन्हा वाकण्याचे कारण नाही. परंतु टाकांबरोबर तिने आपली गाणी, शिवेच्या खुणा, कोणत्या जत्रेत कोणाचा कोणता मान आणि कोणावर कोणती सक्ती, हे सारेही मनाच्या तळाशी सोडून दिले. आम्ही शिकलेली नातवंडे लाजेपोटी कधी विचारले नाही. मी इतिहासात एम.ए. झालो, तोवर ती गेली होती. सातवाहनांच्या सनावळ्या मला पाठ होत्या आणि माझ्याच घरातील दोनशे वर्षे मात्र कोरी राहिली.

सोडणे आणि विसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बावीस प्रतिज्ञांनी आपल्याला पूजा सोडायला सांगितले आहे, जाणून घेणे सोडायला सांगितलेले नाही. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना म्हणून एक विनंती करतो. घरात कोणी ऐंशी वर्षांचे असेल तर वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. पूर्वी काय करावे लागे, कोण करायला लावी आणि ते केव्हा व कसे थांबविले, हे सर्व लिहून घ्यावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण थांबविण्याचा तो क्षण हाच आपला इतिहास आहे.

पुढच्या सहलीत कार्ल्याच्या पायऱ्यांवर तो प्रश्न पुन्हा विचारला जाईल. आता मी ठरलेले उत्तर देत नाही. मुलांना चैत्याच्या कमानीखाली बसवितो आणि आधी खाली दिसणारी वाट पाहायला सांगतो.