विश्लेषण : प्रबंधाला खालची श्रेणी, नंतर त्याच कामाला नोबेल! आम्लाचं कोडं सोडवणारे स्वांते अऱ्हेनियस कोण होते?

लिंबू, चिंच, दही, व्हिनेगर. चवी वेगवेगळ्या, पण आंबटपणा सगळ्यांत आहे. तो कशामुळे येतो, याचं उत्तर आज शाळेच्या पुस्तकात सापडतं : पाण्यात सुटे झालेले हायड्रोजन आयन. हे उत्तर देणारे स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांचं करिअर मात्र याच कल्पनेमुळे सुरू होण्याआधीच संपायची वेळ आली होती.

प्रबंधात असं काय होतं?

अऱ्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ चा, उपसाला शहराजवळचा. वडील जमीन मोजणीचं काम करत. उपसाला विद्यापीठातल्या शिकवण्यावर समाधान नसल्यानं अऱ्हेनियस १८८१ मध्ये स्टॉकहोमला गेले आणि द्रावणांतून वीज किती वाहते, हे मोजू लागले.

शुद्ध पाण्यातून वीज जवळपास जात नाही. कोरड्या मिठातूनही नाही. मीठ पाण्यात विरघळलं की मात्र जाते. का? विजेमुळेच पदार्थाचे आयन, म्हणजे भारित कण होतात, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. अऱ्हेनियस उलट निष्कर्षाकडे निघाले होते. पदार्थ विरघळतानाच फुटतो, वीज सोडा किंवा सोडू नका.

प्राध्यापकांना हे पचणं अवघड होतं. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. सोडियम पाण्यात पडला तर भडका उडतो, क्लोरीन विषारी वायू. मग मिठाच्या पाण्यात ते सुटे कसे राहतील? भार असलेला आयन आणि भार नसलेला अणू यांचे गुणधर्म पूर्ण वेगळे असतात, हे तेव्हा कुणाच्या गळी उतरत नव्हतं. १८८४ च्या प्रबंधात अऱ्हेनियस यांनीही सावधपणेच लिहिलं होतं. तरी प्रबंधाला चौथी श्रेणी मिळाली, तोंडी बचावानंतर ती तिसरी झाली. एवढ्यावर विद्यापीठात शिकवण्याची नोकरी मिळणं कठीण होतं.

मग मार्ग कसा निघाला?

त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशातल्या नामवंतांना पाठवल्या. रिगा इथले विल्हेल्म ओस्टवाल्ड तेव्हा वेगवेगळ्या आम्लांचा जोर मोजत होते. जे आम्ल वीज जास्त वाहून नेतं तेच रासायनिक क्रियेतही जास्त जोरदार, हे त्यांच्या लक्षात आलं. ते थेट उपसालाला आले आणि त्यांनी अऱ्हेनियस यांना नोकरी देऊ केली. वडील आजारी असल्यानं अऱ्हेनियस गेले नाहीत, पण बाहेरचा मोठा माणूस घ्यायला आलाय म्हटल्यावर उपसालानंही त्यांना अध्यापकपद दिलं. (घरच्यांना किंमत कळायला बाहेरून ऑफर यावी लागते, हे तेव्हाही होतंच.)

१८८७ मध्ये त्यांनी सिद्धांत उघडपणे मांडला. पाण्यात हायड्रोजन आयन देतं ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देते ती आम्लारी.

यातून एक जुनं कोडं सुटलं. हायड्रोक्लोरिक घ्या की नायट्रिक, तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांची विरल द्रावणं मिसळली की मोलमागे साधारण ५७ किलोज्यूल उष्णता मिळते. आम्लं वेगळी, मग उष्णता सारखी कशी? कारण दर वेळी घडतं एकच. हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी होतं, बाकीचे आयन नुसते बघे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी टायट्रेशन करताना आम्ही फ्लास्कमधला रंग कधी बदलतो एवढंच बघायचो. आत हे चाललंय, हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

व्हिनेगर खाता येतं आणि तेवढंच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल तोंडात घेता येत नाही, याचंही कारण मिळालं. व्हिनेगरमधल्या आम्लाचे फार थोडे रेणू फुटतात, हायड्रोक्लोरिकचे जवळपास सगळे.

पुढे काय झालं?

१९०३ मध्ये याच सिद्धांतासाठी त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेल मिळवणारे ते पहिले स्वीडिश. १९०९ मध्ये डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी हायड्रोजन आयनांचं प्रमाण मोजायला सामू, म्हणजे पीएच ही मोजपट्टी दिली. शुद्ध पाण्याचा सामू ७, म्हणजे साधारण ५५ कोटी रेणूंमागे एक हायड्रोजन आयन. सामू एकानं घटला की आयन दहापट.

सिद्धांतात उणिवाही होत्या. अमोनियात हायड्रॉक्साइड नसूनही तो आम्लारीसारखा का वागतो, याचं सोपं उत्तर १९२३ मध्ये ब्रन्स्टेड आणि लॉरी यांच्या नव्या व्याख्येनं दिलं. शिवाय हायड्रोजन आयन पाण्यात एकटा फिरत नाही, पाण्याच्या रेणूला चिकटून राहतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आवर्तसारणीचे जनक मेंडेलीव्ह हे आयन सिद्धांताचे टीकाकार. १९०६ मध्ये त्यांचं नाव नोबेलसाठी पुढे असताना अऱ्हेनियस यांनी विरोधात वजन वापरलं, असं इतिहासकार सांगतात. पुरस्कार फ्रान्सच्या म्वासां यांना गेला. पुढच्याच वर्षी मेंडेलीव्ह वारले. अऱ्हेनियस यांचं निधन २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोममध्ये झालं.