चित्रपती व्ही. शांताराम : करवीरच्या मातीतील एक कर्मयोगी

करवीर नगरीचे नाव उच्चारताच श्री अंबाबाईचे मंदिर, रंकाळा आणि कुस्तीची मैदाने जशी डोळ्यांपुढे उभी राहतात, तशीच चित्रपटसृष्टीही उभी राहते. मराठी चित्रपटाचे बालपण याच गावात गेले. येथील सुतारांनी, चित्रकारांनी, सराफांनी आणि नाटकवेड्या तरुणांनी हा नवा व्यवसाय हाताने घडविला. या मंडळींमध्ये एक नाव असे आहे की, ज्याचा अभिमान प्रत्येक कोल्हापूरकराला आहेच. परंतु जैन समाजालाही त्याविषयी विशेष आपुलकी वाटावी. ते नाव म्हणजे शांताराम राजाराम वणकुद्रे, अर्थात चित्रपती व्ही. शांताराम.

शांतारामबापूंचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे वडील राजारामबापू हे जैन, तर आई कमलाबाई हिंदू. तो काळ राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीचा होता. तरीही दोन भिन्न धर्मपरंपरांतील स्त्री-पुरुषांनी एकत्र संसार करणे ही त्या वेळी सामान्य गोष्ट नव्हती. घरची परिस्थिती बेताची होती. मुलाचे शालेय शिक्षण फारसे होऊ शकले नाही. परंतु दोन परंपरांच्या सान्निध्यात वाढल्यामुळे माणसाला माणूस म्हणून पाहण्याची दृष्टी त्यास घरातच लाभली असावी, असे त्यांचे पुढील कार्य पाहता वाटते.

लहान वयातच शांतारामांनी बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत प्रवेश केला. तेथील वास्तव्य अल्प ठरले. पुढे कुटुंबासमवेत ते हुबळीस गेले. तेथे दिवसा रेल्वेच्या कारखान्यात काम आणि सायंकाळी एका सिनेमागृहात पडेल ती नोकरी, असा त्यांचा दिनक्रम होता. पत्र्याच्या त्या सिनेमागृहात पडद्यावर हलणारी चित्रे पाहताना या मुलाने आपल्या आयुष्याची दिशा निश्चित केली.

त्या वेळी कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली होती. शांतारामांचे मावसभाऊ बाबूराव पेंढारकर त्या कंपनीत होते. त्यांच्या ओळखीने १९२० च्या सुमारास शांतारामांचा कंपनीत प्रवेश झाला. प्रवेश झाला म्हणजे लगेच तोंडाला रंग लागला, असे नव्हे. झाडलोट करणे, सामान वाहणे, पडदे रंगविण्यास मदत करणे, फिल्म धुणे, अशी सर्व कामे त्यांच्या वाट्यास आली. दुकानात नव्याने आलेला मुलगा प्रथम गठ्ठे उचलतो, मग माल ओळखू लागतो आणि मगच गादीवर बसतो. शांतारामांची उमेदवारीही त्याच क्रमाने झाली. त्यामुळे पुढे स्वतःच्या स्टुडिओतील कोणतेही काम त्यांना अपरिचित राहिले नाही.

अभिनेता म्हणून त्यांची सुरुवात १९२१ च्या 'सुरेखाहरण' या मूकपटाने झाली. 'सिंहगड' (१९२३) या चित्रपटात त्यांनी शेलारमामांची भूमिका केली. ऐन विशीतील तरुणाने वृद्ध योद्ध्याचे सोंग वठवावे, यातच त्यांची तयारी दिसून येते. परंतु त्यांच्यातील नटाची खरी ओळख पटली ती १९२५ च्या 'सावकारी पाश' मध्ये. कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीस जाणाऱ्या तरुण शेतकऱ्याची ती भूमिका होती. देवादिकांच्या कथांनी भरलेल्या त्या काळातील पडद्यावर एका गरीब शेतकऱ्याचे दुःख प्रथमच इतक्या खरेपणाने अवतरले. व्याजबट्ट्याचा व्यवहार करणाऱ्यांनीही अंतर्मुख व्हावे, असा तो चित्रपट होता.

१९२७ मध्ये 'नेताजी पालकर' या चित्रपटाचे दिग्दर्शन करून शांतारामांनी नव्या क्षेत्रात पाऊल टाकले. दोनच वर्षांनी, १ जून १९२९ रोजी, कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर, सीतारामपंत कुलकर्णी आणि शांताराम, असे तिचे पाच भागीदार होते. यांपैकी सीतारामपंत हे कोल्हापुरातील सराफ. चौघांची कला आणि एकाचे भांडवल, असा तो मेळ होता. हिंदू, मुसलमान आणि जैन पित्याचा पुत्र एकाच वहीवर भागीदार म्हणून सह्या करतात, हे दृश्य त्या काळातील कोल्हापूरच्या मोठेपणाची साक्ष देते.

प्रभातने कोल्हापुरात सहा मूकपट काढले. त्यांतील 'उदयकाल' (१९३०) मध्ये शांतारामांनी स्वतः छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली. चित्रपटाचे मूळ नाव 'स्वराज्याचे तोरण' असे होते. स्वराज्य हा शब्दच इंग्रज सरकारला सहन होण्यासारखा नव्हता. सेन्सॉरने आक्षेप घेतल्यामुळे नाव बदलावे लागले. परंतु आशय मात्र प्रेक्षकांपर्यंत पोहोचावयाचा तो पोहोचलाच.

१९३१ मध्ये 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला. अनेक कंपन्या या बदलाने गांगरून गेल्या. प्रभातने मात्र १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट देऊन आघाडी घेतली. त्यात गोविंदराव टेंबे राजा हरिश्चंद्र झाले होते, तर दुर्गा खोटे तारामती. ज्या गंधर्व नाटक मंडळीत शांताराम बालपणी किरकोळ नट म्हणून राहिले होते, तिच्या संस्थापकांपैकी गोविंदराव हे एक. त्यांना आता शांताराम दिग्दर्शन करीत होते. पुढे १९३५ च्या 'धर्मात्मा' मध्ये तर खुद्द बालगंधर्वांनी त्यांच्या दिग्दर्शनाखाली संत एकनाथांची भूमिका केली. कालचक्राची गती अशी विलक्षण असते.

१९३३ मध्ये प्रभातने आपला मुक्काम पुण्यास हलविला. धंद्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. परंतु कोल्हापूरच्या मनास तो चटका लावून गेला. ज्या गावाने उमेदवारी करवून घेतली, त्या गावातून तयार माल दुसऱ्या पेठेत गेला, अशी ती भावना होती. तथापि पुण्यात प्रभातचा जो उत्कर्ष झाला, त्याचा पाया करवीरच्या भूमीत घातला गेला होता, हे विसरता येणार नाही.

पुण्यातील पहिलाच चित्रपट 'अमृतमंथन' (१९३४) आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. देवीपुढे होणारी नरबलीची आणि पशुबलीची प्रथा बंद करणारा राजा आणि त्यास प्राणपणाने विरोध करणारा राजगुरू, यांच्यातील संघर्ष हा त्याचा विषय. धर्माच्या नावाने होणाऱ्या हिंसेस इतके उघड आव्हान तोपर्यंत भारतीय पडद्यावर क्वचितच दिले गेले असेल. मराठी आवृत्तीत केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन यांनी साकारलेला राजगुरू प्रेक्षकांच्या स्मरणात कायमचा राहिला. चंद्रमोहन यांचा संपूर्ण पडदा व्यापणारा डोळा तर आजही चित्रपटाच्या अभ्यासकांना मोह घालतो. अहिंसेचे तत्त्व व्याख्यानातून सांगणे सोपे. ते लाखो सामान्य माणसांपर्यंत करमणुकीच्या वाटेने पोहोचविणे कठीण. शांतारामांनी ते करून दाखविले.

त्यानंतर 'कुंकू' (१९३७) मध्ये त्यांनी जरठ-कुमारी विवाहाच्या प्रश्नास हात घातला. वृद्ध वराशी फसवून लग्न लावून दिलेली तरुणी तो विवाह मनाने मान्य करीत नाही, ही कथा त्या काळी अनेक घरांना झोंबणारी होती. शांता आपटे यांनी ती भूमिका अविस्मरणीय केली. या चित्रपटात पार्श्वसंगीत नव्हते. घड्याळाचे ठोके आणि रस्त्यावरील आवाज यांनीच ते काम केले. 'माणूस' (१९३९) मध्ये एक पोलीस शिपाई आणि एक वेश्या यांच्या नात्याची करुण कहाणी आहे. 'शेजारी' (१९४१) मध्ये हिंदू-मुसलमान स्नेहाची कथा सांगताना हिंदी आवृत्तीत मुसलमान मित्राची भूमिका गजानन जागीरदार यांना आणि हिंदू मित्राची भूमिका मजहर खान यांना देण्यात आली. पुढील काही वर्षांत देशात जे घडले, ते ध्यानी घेता हा चित्रपट केवढा दूरदर्शी होता, हे कळून येते.

भागीदारीची गाठ मात्र फार काळ टिकली नाही. मतभेद वाढत गेले आणि १९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने, कीर्तीच्या शिखरावर असताना, स्वतः वाढविलेली संस्था सोडून नव्याने मांडामांड करणे हे धाडसच होते. मुंबईतील परळ येथे त्यांनी राजकमल कलामंदिर स्थापन केले. वडील राजाराम आणि आई कमला यांच्या नावांतून हे नाव सिद्ध झाले. ज्या जोडप्याचा संसार एकेकाळी लोकांच्या कुतूहलाचा विषय झाला असेल, त्यांची नावे पुत्राने अशा रीतीने साऱ्या देशाच्या मुखी घातली. मातृ-पितृऋणाची यापेक्षा सुंदर फेड कोणती असू शकेल?

राजकमलच्या 'शकुंतला' (१९४३) या पहिल्याच चित्रपटास उदंड यश लाभले. १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आला. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये देह ठेवणाऱ्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची भूमिका शांतारामांनी स्वतः केली. त्यानंतर 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७), 'अमर भूपाळी' (१९५१) आणि 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) अशा चित्रपटांनी राजकमलची पताका उंच फडकत ठेवली. 'रामजोशी' च्या वेळी त्यांनी आपले गुरू बाबूराव पेंटर यांना सन्मानाने बोलावून दिग्दर्शनात सहभागी करून घेतले, ही गोष्ट आवर्जून नोंदविण्याजोगी आहे.

परंतु नट आणि दिग्दर्शक या दोन्ही नात्यांनी त्यांच्या जीवनाचे सार्थक झाले, ते १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' मध्ये. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची मुक्त वसाहत वसविण्यात आली होती. त्या प्रयोगाच्या आधारे ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली. सहा खुनी कैद्यांना बेड्यांशिवाय माळरानावर नेऊन, केवळ विश्वासाच्या बळावर माणसात आणणाऱ्या जेलरची भूमिका शांतारामांनी केली. त्या जेलरचे नाव होते आदिनाथ. प्रथम तीर्थंकरांचे हे नाव ऐकून कोणाही जैन प्रेक्षकाचे हात आपोआप जोडले जावेत. दंडापेक्षा क्षमा मोठी, आणि पाप्याचा नव्हे तर पापाचा त्याग करावयाचा, हा विचार त्या भूमिकेच्या प्रत्येक हालचालीतून प्रकट होतो.

याच चित्रपटातील बैलाशी झुंजण्याचे दृश्य चित्रित होत असताना शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर दुखापत झाली. ज्याचे सारे आयुष्य पाहण्यावर आणि दाखविण्यावर उभे, त्याच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या गेल्या. दृष्टी परत येईल की नाही, याची शाश्वती नव्हती. दुसरा कोणी असता, तर त्याने स्टुडिओच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती दिल्या असत्या. शांतारामांनी मात्र त्या अंधारात रंगांचे चिंतन केले. दृष्टी परत लाभल्यावर 'नवरंग' (१९५९) हा रंगांचा उत्सव त्यांनी पडद्यावर मांडला. 'दो आँखें' ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला.

त्यांच्या कौटुंबिक जीवनाविषयी समाजात भिन्न मते होती. विमलाबाई, जयश्री आणि संध्या अशा तीन सहचारिणी त्यांच्या आयुष्यात आल्या. 'कुंकू' सारख्या चित्रपटातून स्त्रीच्या मनाची कदर करणाऱ्या या कलावंताच्या स्वतःच्या घरात त्या स्त्रियांना काय सोसावे लागले असेल, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. थोर माणसाचे चरित्र लिहिताना हा भाग झाकून ठेवणे सत्याला धरून होणार नाही. गुणांची वही आणि दोषांची वही, दोन्ही उघड्या ठेवूनच माणसाचा ताळेबंद मांडावा लागतो. तो मांडल्यावरही जमेची बाजू भरभक्कम राहते, हेच शांतारामबापूंचे मोठेपण.

सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी 'पिंजरा' (१९७२) दिला. आदर्श शिक्षकाच्या अधःपतनाची ही कथा डॉ. श्रीराम लागू आणि संध्या यांच्या अभिनयाने, राम कदम यांच्या संगीताने आणि निळू फुले यांच्या साथीने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचली. १९८७ चा 'झांजर' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला. ३० ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण किताब अर्पण केला आणि २००१ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

प्रभातच्या पुण्यातील जागेवर १९६० मध्ये चित्रपट शिक्षणाची संस्था सुरू झाली. आज देशभरातील तरुण तेथे ही कला शिकतात. मूळ वृक्ष गेला, परंतु त्याच्या बीजातून उपवन उभे राहिले.

एका सामान्य घरातील, अल्पशिक्षित मुलगा हाताला पडेल ते काम करीत देशाच्या कलाक्षेत्रात अग्रस्थानी जातो, हे श्रमाचे फळ होय. परंतु आपला पैसा, आपली कीर्ती आणि प्रसंगी आपले डोळेही पणास लावून तो हिंसेविरुद्ध, लोभाविरुद्ध आणि द्वेषाविरुद्ध बोलत राहतो, हे संस्कारांचे फळ होय. तरुण पिढीने त्यांचे चित्रपट घरातील वडीलधाऱ्यांच्या समवेत बसून अवश्य पाहावेत. जेलर आदिनाथाच्या डोळ्यांतील करुणा एकदा पाहिली की, शांतारामबापूंना यापेक्षा निराळी आदरांजली वाहण्याची आवश्यकता उरणार नाही.