हरिभाऊंच्या पुऱ्या आणि अपुऱ्या गोष्टी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले, तेव्हा मी मोठ्या हौसेने होकार दिला. घरी येऊन वही उघडली आणि एकाच वेळी तीन गोष्टी डोक्यात उभ्या राहिल्या. एक कपिलधारच्या यात्रेची, एक ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची आणि एक माझ्या आजीच्या लहानपणची. तिन्हींची दोन-दोन पाने झाली आणि तिन्ही तिथेच थांबल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हे आपले काम नव्हे, असे म्हणून वही मिटणार होते, तोच हरिभाऊ आपट्यांची आठवण झाली. इतक्या मोठ्या लेखकाचीही हीच अडचण होती, हे भगिनींना सांगावे, म्हणून हा लेख.

हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. लहानपणीच ते आईला पारखे झाले. पुढे त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी त्यांचा सांभाळ केला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर अशा थोर शिक्षकांच्या हाताखाली ते शिकले. वाचनाचे वेड मोठे. परंतु कॉलेजात गेल्यावर परीक्षांनी साथ दिली नाही आणि पदवी हाती आली नाही. मात्र विद्यार्थिदशेतच त्यांनी आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या नाटकावर प्रदीर्घ परीक्षण लिहिले. पदवी नसली तरी लेखणीचे अडत नाही, हे आपणासारख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८८५ मध्ये त्यांची ‘मधली स्थिति’ ही पहिली कादंबरी आली. तिच्यामागून ‘गणपतराव’ सुरू झाली, ती मात्र पुरी झाली नाही. अपुऱ्या गोष्टींचा आरंभ असा अगदी पहिल्या पावलापासूनच झाला.

१८९० मध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक काढले आणि ते १९१७ पर्यंत चालविले. दर आठवड्याला अंक निघायचा म्हणजे दर आठवड्याला मजकूर हवा. त्यातला पुष्कळसा त्यांना स्वतःलाच लिहावा लागे. आधी सबंध कादंबरी लिहून मग छापायची, अशी सवड कुठली? प्रकरण लिहावे, छापावे, की पुढच्या प्रकरणाची घाई. पहिल्याच अंकांपासून ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही यमुनेची कहाणी सुरू झाली आणि त्याच सुमारास टिपू सुलतानाच्या काळातील ‘म्हैसूरचा वाघ’ ही कादंबरीही. १९०३ च्या आसपास तर ‘भयंकर दिव्य’, ‘चंद्रगुप्त’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ अशी तीन निरनिराळी जगे त्यांच्या लेखणीवर नांदत होती. आपल्या चुलीवर एक भांडे आणि वैलावर दुसरे असते. तिसरे ठेवले की एखादे करपणारच!

शिवाय कामे का थोडी होती? चुलत्यांनी १८८८ मध्ये पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापिली. जुन्या संस्कृत पोथ्या तेथे जतन होत आणि छापल्या जात. तिची व्यवस्था हरिभाऊ पाहत. पुणे नगरपालिकेचेही ते अध्यक्ष झाले. १९१२ च्या अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. इतक्या व्यापातून ‘आजच’ अपुरी राहिली, ‘सूर्यग्रहण’ अपुरी राहिली. १९१३ पासून चाललेली ‘कर्मयोग’ चार वर्षांनंतरही शेवटास गेली नाही. दर आठवड्याला अंकाची वाट पाहणाऱ्या एखाद्या वाचक भगिनीचा विचार मनात येतो. चार वर्षे ज्यांच्या सुखदुःखात ती गुंतली, त्यांचे पुढे काय झाले, हे तिला कधीच कळले नाही. गोष्ट अपुरी ठेवणे म्हणजे वाचणाऱ्याचे देणे बुडविणे होय.

पण याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. यमुनेची गोष्ट मात्र हरिभाऊंनी शेवटास नेली. नवऱ्याच्या प्रेमाने लिहूवाचू लागलेली, मुंबईत चार दिवस सुखाचे पाहिलेली ही मुलगी अकाली विधवा होते आणि शंकरमामंजी तिचे केशवपन करवितात, हे वाचताना आजही पदर डोळ्यांना लागतो. एका पुरुषाने बाईच्या तोंडून, बाईच्या बोलीत, माहेरसासरचे सगळे सांगितले. ही कहाणी चालू असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला आणि वय दहावरून बारावर गेले. सगळे मनासारखे जुळून येईपर्यंत हरिभाऊ थांबले असते, तर यमुना त्या वेळी घरोघरी पोहोचली नसती. ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही त्यांची दुष्काळावरची गोष्टही अशाच धावपळीतली. आम्हा बीडकडच्या बायांना तर ती आपल्याच दारची वाटेल.

३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊ वारले. पंचावन्न वर्षे पुरी व्हायला पाच दिवस कमी होते.

त्यांच्या चरित्रावरून मला एवढे उमगले, की मनात पुष्कळ गोष्टी येणे हा दोष नव्हे. पुष्कळ आरंभही चालतील. परंतु त्यांतली जी सांगितल्यावाचून राहवत नाही, जिच्यात कुणाचे तरी दुःख बोलायचे राहून गेले आहे, तिच्याकडे परत वळले पाहिजे आणि तिला शेवटापर्यंत पोहोचविले पाहिजे. माझ्या वहीत ती गोष्ट आजीची आहे. लग्नाच्या वेळी तिचे वय काय होते, हे तिला स्वतःलाही सांगता येत नसे. संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत ती पुरी करून मंडळात वाचून दाखवीन, असे आज येथे लिहून ठेवते. तोवर यात्रेने आणि उसाच्या फडाने थोडे थांबावे. ज्या भगिनींच्या पेटीत अशा अर्ध्या वह्या असतील, त्यांनीही एक वही बाहेर काढावी, अशी विनंती आहे.