मुलांचे गुरु मायकेल फॅरेडे

इ. स. १७९१ च्या सप्टेंबर महिन्याच्या २२ व्या तारखेस लंडन शहराजवळ एका लोहाराच्या घरीं मायकेल फॅरेडे यांचा जन्म झाला. घरीं दारिद्र्य होतें; म्हणून लिहिणें, वाचणें व हिशेब यांपलीकडे त्यांस शाळेंत फारसें शिकतां आलें नाहीं. चौदाव्या वर्षीं ते पुस्तकें बांधणाऱ्या एका दुकानदाराकडे उमेदवारीस राहिले. बांधावयास आलेलीं पुस्तकें ते वाचीत. त्यांत मार्सेट नांवाच्या बाईंनीं संवादरूपानें लिहिलेलें रसायनशास्त्राचें एक पुस्तक होतें. त्यांतील गोष्टी त्यांनीं नुसत्या वाचून मान्य केल्या नाहींत. जवळच्या थोड्या पैशांत जे प्रयोग साधले ते त्यांनीं स्वतः केले, आणि पुस्तक खरें ठरलें तेव्हां त्यावर विश्वास ठेविला.

पुढें १८१३ सालीं ते रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेंत डेव्ही साहेबांचे मदतनीस झाले. १८३१ सालीं त्यांनीं लोहचुंबकाच्या योगें वीज उत्पन्न करून दाखविली, व त्यांची कीर्ति सर्वत्र पसरली. तरी लहान मुलांस ते विसरले नाहींत. त्यांस स्वतःचें मूल नव्हतें. परंतु १८२७ पासून १८६० पर्यंत नाताळच्या सुटींत मुलांसाठीं त्यांनीं १९ व्याख्यानमाला दिल्या.

शेवटच्या मालेंतील सहाही व्याख्यानें एका मेणबत्तीविषयीं होतीं. मेणबत्ती विझवून, वर जाणाऱ्या धुरास वातीपासून दोनतीन इंच दूर त्यांनीं पेटती काडी लाविली. तों ज्वाला धुराच्या वाटेनें खालीं उतरली व वात पुनः पेटली. मेणाची वाफच जळते, हें मुलांनीं प्रत्यक्ष पाहिलें. मग ज्योतीवर थंड भांडें धरून, जळण्यापासून पाणी उत्पन्न होतें हेंही त्यांनीं दाखविलें. शेवटीं, जळत्या मेणबत्तीपासून निघणारा कार्बन डायॉक्साइड वायु आपल्या श्वासांतही असतो, हें त्यांनीं चुन्याच्या निवळीनें सिद्ध केलें.

हा प्रयोग आपल्या घरींही होतो. विड्याचा चुना पुष्कळ पाण्यांत कालवून रात्रभर ठेवावा व वरची निवळी फडक्यानें गाळून घ्यावी. पपईच्या पोकळ देठानें तींत हळूच फुंकावें, म्हणजे ती दुधासारखी पांढरी होते. श्वासांतील वायु व चुना एकत्र होऊन खडू बनतो, त्याचा हा रंग होय. निवळी तोंडांत ओढूं नये व डोळ्यांस लागूं देऊं नये. ह्यासाठीं वडील माणसानें जवळ बसावें. निवळी पांढरी कां झाली, हें मात्र मुलांस आधीं सांगूं नये. प्रथम त्यांसच विचारावें.

फॅरेडे आपल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे वडील होते. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद त्यांनीं नाकारिलें. १८६७ च्या आगस्ट महिन्याच्या २५ व्या तारखेस ते निवर्तले. मेणबत्तीप्रमाणें आपल्या भोंवतालच्यांस प्रकाश द्यावा, अशी इच्छा त्यांनीं मुलांपुढें प्रकट केली होती. ज्या बंधुभगिनींच्या हातीं मुलें सोंपविलीं आहेत, त्यांस आम्ही इतकेंच सांगतों कीं, शाळेंत यंत्रें नसलीं तरी चुना, पाणी व एक मेणबत्ती यांपासून आरंभ करितां येतो.